कॉलेज लहान की मोठं? आधी डिपार्टमेंट बघा

एप्रिल आला की इथल्या, अमेरिकेतल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. सीनियर इयरच्या, म्हणजे बारावीच्या मुलांचे कॉलेज ॲडमिशनचे निकाल मार्चअखेर आलेले असतात, 1 मेच्या आत कुठेतरी एका ठिकाणी हो म्हणून डिपॉझिट भरायचं असतं, आणि मधल्या त्या महिन्यात घराघरात नुसती घालमेल. मिनेसोटात राहणाऱ्यांची घालमेल बऱ्याचदा एकाच जोडीवर येऊन अडते. एका बाजूला यू, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटा, मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर पसरलेली, 50 हजारांच्या वर विद्यार्थी, आणि दुसऱ्या बाजूला कार्लटन, मॅकॅलेस्टर, सेंट ओलाफ, नाहीतर शेजारच्या आयोवातलं ग्रिनेल, जिथे अख्खं कॉलेज मिळून दोन-तीन हजार मुलं.

आमच्याकडे यंदा हेच झालं. लेकीला यू आणि कार्लटन, दोन्हीकडून हो आलं. आणि मग जो तो आपापलं मत घेऊन फोनवर. साताऱ्याहून बाबा म्हणाले, कार्लटन हे नाव आम्ही तरी ऐकलेलं नाही गं, मिनेसोटा निदान माहीत आहे. नवऱ्याच्या ऑफिसातले अमेरिकन सहकारी बरोबर उलटं, अरे कार्लटन मिळालंय आणि तुम्ही विचार कसला करताय. ग्रुपवर पण दोन तट पडलेले, एक म्हणतो लहान कॉलेजात प्रोफेसर मुलांना नावानिशी ओळखतात, मोठ्या युनिव्हर्सिटीत तुमचं मूल म्हणजे एक आयडी नंबर, आणि दुसरा म्हणतो एवढे पैसे घालून खेडेगावात कशाला पाठवायचं, यूमध्ये सगळं आहे, लॅब आहेत, कंपन्या कॅम्पसवर येतात.

हे सगळं ऐकून, बघून, आकडे काढून झाल्यावर माझं एक ठाम मत झालंय आणि तेच इथे लिहितेय, कारण पुढच्या वर्षी ज्यांची मुलं सीनियर होतील त्यांना उपयोग होईल. कॉलेज किती मोठं आहे हा प्रश्नच अपुरा आहे. आपलं मूल ज्या डिपार्टमेंटमध्ये जाणार ते किती मोठं आहे, तिथे दर वर्षी किती मुलं डिग्री घेतात आणि त्यांना शिकवायला पूर्णवेळ प्रोफेसर किती, हे विचारायला हवं. 50 हजारांच्या युनिव्हर्सिटीत एखादं डिपार्टमेंट इतकं छोटं असतं की तिथे तुमच्या मुलाला सगळे ओळखतात, आणि दोन हजारांच्या कॉलेजात एखादा मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, इतका भरलेला असतो की हव्या त्या क्लासमध्ये सीट मिळत नाही.

लेकीला जिऑलॉजी करायचंय. हे कुठून आलं ते थोडं सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. आम्ही दर वर्षी नॉर्थ शोरला जातो, लेक सुपीरियरच्या काठाने वर, गूजबेरी फॉल्स, स्प्लिट रॉक वगैरे. आणि एक-दोन वर्षाआड वाईला आजोळी. आठवी-नववीत असताना गूजबेरीच्या धबधब्याजवळ उभी राहून ती म्हणाली, आई हा दगड पांडवगडावरच्या दगडासारखाच आहे. मी म्हटलं असेल, काळा दगड काळाच दिसणार. पण तिने घरी येऊन शोधून काढलं, दोन्ही बेसॉल्ट, दोन्ही लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले, फक्त आपला दख्खनचा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला 110 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्री इथल्या दगडापुढे अगदी कालचं पोर. तिथून जे लागलं ते लागलंच. खिडकीत सगळीकडे अगेट आणि दगड मांडून ठेवलेत, पुसायला गेलं की ओरडते.

आता जिऑलॉजी म्हटल्यावर अमेरिकेतल्या लहान कॉलेजांत कार्लटनचं नाव पहिल्या काहींत येतं. म्हणून आमचा कल आधीपासून तिकडेच होता, मी स्वतः मनातल्या मनात तिला तिथे पोचवूनही आले होते. कार्लटनचं नॉर्थफील्ड आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत, छोटं गाव, दोन कॉलेजं, आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं. आम्ही भेट द्यायला गेलो तेव्हा तिला एका लॅबला बसू दिलं, आणि लॅब म्हणजे खोलीत नव्हतीच, कॉलेजचं स्वतःचं आर्बोरेटम, म्हणजे जतन केलेलं झाडांचं रान, आहे कॅनन नदीच्या काठाने, मोठं, सगळी मुलं वह्या घेऊन तिकडे. प्रोफेसर बाई प्रत्येकाजवळ जाऊन त्याचं चित्र बघत होत्या आणि हा थर इथे का संपला असं विचारून पुढे जात होत्या, उत्तर न सांगता. लेक परत आली ती बुटाला चिखल आणि चेहरा असा की मला वाटलं, झालं, ठरलं.

नंतर यूला गेलो. टेट हॉलमध्ये फिजिक्स आणि अर्थ सायन्सेस (पृथ्वीचा अभ्यास, जिऑलॉजी त्यातच) एकत्र आहेत, काही वर्षांपूर्वीच सगळी इमारत आतून नवी केली. पहिल्या वर्षाच्या क्लासला बसलो, मोठा हॉल, पुढे माइक लावून प्रोफेसर, चांगलं शिकवत होते पण मुलं खूप, आणि बरीचशी सायन्सची एक रिक्वायरमेंट उरकायला आलेली. इथपर्यंत ग्रुपवरचे लोक म्हणतात तसंच. पण त्याच दुपारी डिपार्टमेंटने तिला तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांबरोबर थांबायला सांगितलं, आणि ती मुलं एका टेबलाभोवती मावतील इतकीच! मग एका पीएचडी करणाऱ्या मुलीने आम्हाला तळ्यांच्या तळातून काढलेले गाळाचे कोअर दाखवले, यूमध्ये त्याची मोठी राष्ट्रीय पातळीवरची सोय आहे, देशभरातले लोक तिथे नमुने पाठवतात. लांब नळी मधून उभी चिरलेली, आत गाळ, आणि त्यावर बारीक बारीक रेघा, एक फिकी एक गडद. एक जोडी म्हणजे एक वर्ष, ती मुलगी म्हणाली, बोटाने दाखवत दाखवत, हा उन्हाळा हा हिवाळा. लेक वाकून मोजायला लागली. कोणी हटकलं नाही, पार्किंगची वेळ संपत आली तरी मोजत होती.

घरी येताना गाडीत कोणीच फार बोललं नाही. आणि त्या रात्री मी आकडे बघायला बसले.

हे कसं बघायचं ते सविस्तर सांगते कारण बहुतेक पालकांना माहीत नसतं. सरकारची कॉलेज नॅव्हिगेटर नावाची वेबसाइट आहे, फुकट, लॉगिन नाही. कॉलेजचं नाव टाकायचं, त्यात प्रोग्राम्स आणि मेजर्स असा भाग उघडायचा, तिथे त्या कॉलेजने एका वर्षात कुठल्या विषयात किती बॅचलर डिग्र्या दिल्या ते विषयवार दिसतं. तो आकडा घ्यायचा. मग त्या डिपार्टमेंटच्या पानावर जाऊन प्रोफेसरांची यादी उघडायची, आणि त्यात व्हिजिटिंग (पाहुणे), इमेरिटस (निवृत्त), ॲडजंक्ट (तासापुरते) अशी नावं बाजूला काढून उरलेली मोजायची. झालं. ब्रोशरमध्ये छापतात तो स्टुडंट-फॅकल्टी रेशो अख्ख्या कॉलेजची सरासरी असतो, कार्लटनचा 8-9 ला एक आणि यूचा त्याच्या साधारण दुप्पट, पण तुमचं मूल सरासरीत शिकायला जात नाही, एका डिपार्टमेंटमध्ये जातं. जिऑलॉजीला दोन्हीकडे वर्षाला मूठभरच मुलं डिग्री घेतात. यूमध्ये त्या मूठभर मुलांच्या मागे मोठं डिपार्टमेंट आहे, रॉक मॅग्नेटिझमची स्वतंत्र इन्स्टिट्यूट आहे, आणि नदीतल्या हेनेपिन आयलंडवर 1938 पासून सेंट अँथनी फॉल्सची लॅब आहे जिथे खरं मिसिसिपीचं पाणी आत घेऊन नद्या गाळ कसा वाहून नेतात ते अभ्यासतात.

आता हेच कंप्युटर सायन्सला करून बघा, चित्र पार बदलतं. यूमध्ये वर्षाला शेकड्यांनी डिग्र्या, शिवाय तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली म्हणजे मेजर मिळाला असं नाही, नंतर मेजरसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पण लहान कॉलेजांत तरी निवांत आहे का, तर तेही नाही, मागच्या काही वर्षांत तिकडेही सगळी पोरं सीएसकडेच वळलीत. माझ्या मैत्रिणीचा मुलगा अशाच एका लहान कॉलेजात आहे, दुसऱ्या राज्यात, त्याला हवा तो ॲडव्हान्स कोर्स दोन वर्षांतून एकदाच असतो आणि त्या वर्षी सीट मिळाली नाही. लहान म्हणून निवडलं आणि वेटलिस्टवर बसला. तेव्हा विषय कुठला त्यावर सगळं आहे. सायकॉलॉजी, बायॉलॉजी, बिझनेस, सीएस, या विषयांना स्टेट युनिव्हर्सिटीत खरंच गर्दी असते आणि तिथे लहान कॉलेजचा फायदा मोठा. जिऑलॉजी, फिलॉसॉफी, क्लासिक्स, गणिताचा वरचा भाग, एखादी भाषा, यात मोठ्या युनिव्हर्सिटीतच आत एक लहान कॉलेज दडलेलं असतं, आणि ते स्टेटच्या फीमध्ये मिळतं.

फीवर यायलाच हवं. कार्लटनचा राहण्याखाण्यासकट पूर्ण खर्च सध्या वर्षाला 85 हजार डॉलरच्या पुढे. यूची मिनेसोटातल्यांसाठीची ट्यूशन आणि फी 17-18 हजारांच्या आसपास, राहणं-खाणं-पुस्तकं धरून 35 हजारांच्या आसपास. पण हा छापील भाव झाला, तो बघून लहान कॉलेज यादीतून काढून टाकणं चूक आहे. कार्लटन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर यांच्यासारखी कॉलेजं तुमची जी गरज ठरते ती पूर्ण भरून देतात, त्यामुळे कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला ती यूपेक्षाही स्वस्त पडू शकतात, मी ग्रुपमधलं एक घर असं बघितलंय. त्याच वेळी 2024 पासून मिनेसोटात नॉर्थ स्टार प्रॉमिस आहे, घरचं उत्पन्न 80 हजारांच्या आत असेल तर इथल्या सरकारी कॉलेजांची ट्यूशन माफ. म्हणजे दोन्हीकडचं प्रत्यक्षात किती पडतं ते काढूनच बघावं लागतं. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानेच ठेवावा लागतो, तो अकरावीतच भरून बघा.

खरी पंचाईत आमच्यासारख्यांची, दोघं नोकरी करणारे, घर आहे, कागदावर सगळं छान, त्यामुळे गरज फारशी निघत नाही, आणि कार्लटनसारखं कॉलेज हुशारीवर म्हणून जवळपास काही देत नाही, जे देतं ते गरजेवर. कार्लटनचं एड लेटर, म्हणजे आर्थिक मदतीचं पत्र, आलं त्यात तीन ओळी होत्या. पहिली ग्रँट, ती खरी सूट. दुसरी वर्क-स्टडी, म्हणजे मुलीने लायब्ररीत नाहीतर डायनिंग हॉलमध्ये काम करून मिळवायचे पैसे. तिसरी लोन. खाली एकच बेरीज करून मोठ्या अक्षरात तुमची एड म्हणून लिहिलेलं असतं. कृपा करून ती बेरीज वाचू नका, फक्त ग्रँट वजा करा, बाकी सगळं तुमच्याच खिशातून आहे. तसं केल्यावर आमच्यासाठी चार वर्षांचा फरक इतका निघाला की त्यात तिचं मास्टर्स सहज झालं असतं, आणि जिऑलॉजीत बऱ्याच नोकऱ्यांना मास्टर्स लागतंच.

म्हणून म्हणते, पैशाचा प्रश्न असेल तर अर्ली डिसिजन करू नका. त्यात नोव्हेंबरमध्ये अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये हो आलं की सहसा जावंच लागतं, दुसरीकडची एड काय आली असती ते कळायच्या आतच तुम्ही बांधले जाता. लहान कॉलेजांत अर्ली डिसिजनने चान्स वाढतो हे खरं आहे, मुलांवर त्याचं प्रेशरही असतं, तरीपण.

लहान कॉलेजांची बाजू मी कमी लेखत नाहीये, उलट त्यांच्याबद्दल आपल्या लोकांत जे गैरसमज आहेत ते ऐकून मला राग येतो. मागे एका भिशीत एक काकू म्हणाल्या, लिबरल आर्ट्स (या लहान कॉलेजांना तसंच म्हणतात) म्हणजे सायन्स नाही ना तिथे. अहो, रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे टॉमस चेक ग्रिनेलचे, जीन बदलण्याच्या क्रिस्पर तंत्रवाल्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या. ग्रॅज्युएट झालेल्यांपैकी पुढे पीएचडी किती जण करतात अशा याद्या निघतात त्यात कार्लटन, रीड, स्वार्थमोर, ग्रिनेल ही नावं मोठमोठ्या युनिव्हर्सिटींच्या वर असतात. कारण सरळ आहे, तिथे पीएचडीची मुलंच नसतात, त्यामुळे प्रोफेसरच्या लॅबमध्ये काम करायला विशीतली पोरंच लागतात, आणि शेवटच्या वर्षी कार्लटनमध्ये प्रत्येकाला एक मोठा प्रोजेक्ट करावाच लागतो, त्यातून सुटका नाही. यूमध्ये हे सगळं करता येतं, अंडरग्रॅज्युएट रिसर्चसाठी वेगळे पैसे देणारा प्रोग्राम आहे, ऑनर्स आहे, पण मागायला जावं लागतं. जे मूल दार वाजवायला लाजतं, ज्याला अजून विषयच सापडलेला नाही, त्याला पहिल्या वर्षात कोणीतरी नावाने हाक मारणं फार महत्त्वाचं असतं. माझी लेक तशी असती तर मी कर्ज काढून नॉर्थफील्डला पाठवलं असतं, हे मनापासून सांगते.

(एक गोष्ट मात्र मला कार्लटनची फार आवडलेली. तिथे वर्षाला दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात, आणि पहिली टर्म थँक्सगिव्हिंगच्या आधीच संपते, मग थेट जानेवारीपर्यंत सुट्टी. म्हणजे अख्खा डिसेंबर भारतात, लग्नसराईत, थंडीत, हुरड्याला. आमच्या आईने हे ऐकल्यावर तिचं मत लगेच कार्लटनला पडलं.)

आणि लहान कॉलेज निवडताना ते टिकेल का हेही आता बघावं लागतं. 1842 पासून चालू असलेलं आयोवा वेस्लियन 2023 मध्ये बंद झालं, न्यूयॉर्कमधलं 1868 चं वेल्स कॉलेज 2024 मध्ये, आणि मुलांना शेवटच्या क्षणी दुसरीकडे जागा शोधत फिरावं लागलं. कार्लटन, ग्रिनेलला ही भीती नाही, त्यांच्या गंगाजळ्या मोठ्या आहेत, ग्रिनेलची तर दोन अब्ज डॉलरच्या वर. पण नाव फार न ऐकलेलं एखादं कॉलेज अचानक मोठी स्कॉलरशिप देऊ करत असेल तर तिथे पहिल्या वर्षाची संख्या मागच्या काही वर्षांत कमी होतेय का ते आधी बघून घ्या. स्टेट युनिव्हर्सिटी बंद पडत नाही, पण डिपार्टमेंट बंद पडतं, वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने 2023 मध्ये 28 मेजर एकदम काढून टाकले, परदेशी भाषा त्यात बऱ्याच गेल्या. छोटं डिपार्टमेंट हेरताना त्याची ही दुसरी बाजू आहे, फार छोटं असेल तर कात्री आधी तिथेच लागते, तेव्हा मागच्या तीन-चार वर्षांत नवीन प्रोफेसर घेतलेत का ते विचारा. घेतले असतील तर युनिव्हर्सिटीचा त्या विषयावर विश्वास आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा की मेजर बदलला तर? सतरा वर्षांच्या पोरीचं काय सांगावं, उद्या म्हणेल मला इकॉनॉमिक्स करायचंय, मग तुमचं छोटं डिपार्टमेंट काय कामाचं. बरोबर आहे. आम्ही तिच्याशी बसून तिच्या मनातले पहिले तीन विषय लिहून काढले आणि तिन्हींचे आकडे बघितले. जिऑलॉजी, हायड्रॉलॉजीकडचं (पाण्याच्या अभ्यासाकडचं) सिव्हिल इंजिनिअरिंग, आणि स्टॅटिस्टिक्स. इंजिनिअरिंगची डिग्री कार्लटनमध्ये मिळतच नाही, तीन वर्षं तिथे आणि दोन वर्षं दुसरीकडे असं करावं लागतं, त्यामुळे ते दार यूमध्येच उघडं राहत होतं. शिवाय तिने हायस्कूलमध्ये असताना पीएसईओ घेतलं होतं, म्हणजे राज्य पैसे देतं आणि मुलं कॉलेजचे कोर्स करतात, मिनेसोटात हे 1985 पासून आहे, ते क्रेडिट यू सगळं धरते. एक सेमिस्टर कमी लागलं तरी खूप.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यूचं डिपॉझिट भरलं. कार्लटनला 'नाही' असं कळवताना ती रडली, मलाही भरून आलं, इतक्या आपुलकीने वागवलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी तिने अर्थ सायन्सेसच्या अंडरग्रॅज्युएट ॲडव्हायझरना ईमेल केली, की मी सप्टेंबरपासून येतेय, पहिल्या वर्षी कुठल्या लॅबमध्ये काही काम असेल तर सांगा, नळ्या धुवायचं असलं तरी चालेल. उत्तर आलं, ऑगस्टमध्ये येऊन भेट. पुढच्या वर्षी ज्यांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगते, ही ईमेल निर्णय झाल्यावर नाही, एप्रिलच्या सुरुवातीलाच दोन्ही डिपार्टमेंटना पाठवा, आणि उत्तर कोण देतं, किती दिवसांत देतं, मुलाने विचारलेल्या प्रश्नाचंच देतं का, ते बघा.